दूध-ज्यूसच्या रिकाम्या कार्टनचे पुढे काय होते? संकलन वाढत असताना लाभार्थी कुटुंबांनी समजून घ्यायच्या गोष्टी

थोडक्यात

• दूध, ताक, ज्यूस ज्या कागदी खोक्यातून येते ते कार्टन पुन्हा वापरात येऊ शकते. त्यातून तपकिरी कागद, पुठ्ठा, पत्रे आणि बाकही बनतात.
• त्यासाठी कार्टन रिकामे, कोरडे, चपटे आणि ओल्या कचऱ्यापासून वेगळे असले पाहिजे.
• ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची कायदेशीर जबाबदारी उत्पादन विकणाऱ्या कंपनीवर आहे. तुमच्यावर जबाबदारी आहे ती कचरा वेगळा ठेवून देण्याची.
• तुम्ही स्वतः कचरावेचक असाल, तर ओळखपत्र, सुरक्षा साहित्य आणि आरोग्य विम्यासाठी तुमची नोंद होणे आवश्यक आहे. ती कशी करायची, हे या लेखात शेवटच्या भागात दिले आहे.

कार्टन तुमच्या घरी कसे येते

पूर्वी कागदी खोक्यातले पेय म्हणजे लग्नाकार्यातला किंवा प्रवासातला मँगो ज्यूस. आता तसे राहिलेले नाही. आंध्र प्रदेशात अंगणवाडीतून गरोदर व स्तनदा मातांना आणि लहान मुलांना दिले जाणारे दूध अशा कार्टनमधून पुरवले गेले. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांतील मुलांना २०० मिलिलिटरच्या पॅकमधून दूध देण्याची योजना राबवली गेली. कारण सोपे आहे. या पॅकमधले दूध न उघडता काही महिने टिकते, त्याला फ्रीज लागत नाही. जिथे वीज अनियमित आहे आणि गाडी आठवड्यातून एकदाच येते, तिथे दूध पोहोचवण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.

म्हणजे पोषण योजनेचा लाभ जिथे पोहोचतो, तिथे रिकामे कार्टनही पोहोचते. दूध मुलाच्या पोटात जाते. कार्टन मात्र चुलीत, उकिरड्यावर नाही तर नाल्यात जाते. दूध गावापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था झाली. रिकामे कार्टन गावाबाहेर नेण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी अजून व्हायची आहे. सध्या देशात कचऱ्याचे नियम बदलत आहेत. त्यामुळे हा प्रश्न तुमच्या दारापर्यंत येणार आहे.

कार्टन कशाचे बनलेले असते

लोक याला सरसकट 'टेट्रा पॅक' म्हणतात. ते एका कंपनीचे नाव आहे; असे पॅक इतर कंपन्याही बनवतात. आपण इथे कार्टन हाच शब्द वापरू.

फ्रीजशिवाय टिकणाऱ्या पेयाच्या कार्टनमध्ये वजनाने साधारण ७५ टक्के जाड कागद, २० टक्के प्लास्टिक आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असते. कागदामुळे खोका ताठ राहतो, प्लास्टिकमुळे गळत नाही आणि ॲल्युमिनियमच्या पातळ थरामुळे आत उजेड व हवा जात नाही. हे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. हाताने ते सुटे होत नाहीत.

पुनर्प्रक्रिया कारखान्यात कार्टन मोठ्या टाकीत पाण्याबरोबर घुसळले जाते. कागदाचा लगदा होऊन तो वेगळा होतो. हा कागद चांगल्या, लांब धाग्याचा असतो. त्यापासून तपकिरी कागद, पुठ्ठ्याची खोकी, कागदी पिशव्या बनतात. उरलेले प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्रच राहते. ते वितळवून, दाबून छपराचे पत्रे आणि फळ्या तयार करतात. काही ठिकाणी लगदा न करता अख्ख्या कार्टनचे तुकडे गरम दाबाखाली दाबून फळ्या बनवल्या जातात.

मग भंगारवाला ते का घेत नाही

वर्तमानपत्राची रद्दी भंगारवाला लगेच वजन करून घेतो. कार्टन दाखवले की तो मान हलवतो. यात त्याची चूक नाही. तीन कारणे आहेत.

पहिले, साध्या रद्दीच्या कारखान्यात कार्टन चालत नाही. त्याचा लगदा व्हायला जास्त वेळ लागतो आणि प्लास्टिकचे तुकडे यंत्रात अडकतात. त्यासाठी वेगळी सोय असलेला कारखाना लागतो आणि असे कारखाने देशात मोजकेच आहेत.

दुसरे, कार्टन फार हलके असते. एक लिटरचे रिकामे कार्टन साधारण ३० ग्रॅम भरते. म्हणजे एक किलोसाठी तीसपेक्षा जास्त कार्टन हवीत. २०० मिलिलिटरची लहान पॅक असतील, तर एका किलोला शंभराच्या आसपास लागतात. न दाबलेली कार्टन भरलेला टेम्पो म्हणजे जवळपास हवेचाच टेम्पो. वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा वर जातो.

तिसरे, आत दूध किंवा ज्यूस उरले असेल तर दोन दिवसांत वास येतो, मुंग्या लागतात, बुरशी धरते. असा माल साठवता येत नाही. साठवता आला नाही तर गासडी बांधण्याइतका माल जमत नाही. गासडी नाही, तर कारखाना घेत नाही.

यातल्या पहिल्या कारणावर तुमचा इलाज नाही. ते काम कंपन्यांचे आणि सरकारचे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणांवर मात्र घरातच उपाय होऊ शकतो.

नियम काय सांगतात

दोन वेगवेगळे नियम इथे लागू होतात. त्यांची गल्लत करू नका.

एक, घनकचरा व्यवस्थापन नियम. हे तुमच्यासाठी आणि तुमच्या ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेसाठी आहेत. २०१६ च्या नियमांनुसार प्रत्येक घराने कचरा तीन भागांत वेगळा करायचा होता. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार भाग आहेत : ओला कचरा, सुका कचरा, सॅनिटरी कचरा (डायपर, सॅनिटरी पॅड) आणि विशेष काळजीचा कचरा (बल्ब, जुनी औषधे, रंगाचे डबे इत्यादी). दोन्ही नियमांत कार्टनची जागा एकच आहे : सुका कचरा.

दोन, प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम. हे कंपन्यांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने यात 'विस्तारित उत्पादक जबाबदारी'ची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आणली. साध्या भाषेत, ज्याने वेष्टन बाजारात आणले त्यानेच ते परत गोळा करून पुनर्प्रक्रियेची व्यवस्था करायची. या तत्त्वांत वेष्टनांचे प्रवर्ग आहेत. ज्यात किमान एक थर प्लास्टिकचा आणि किमान एक थर दुसऱ्या पदार्थाचा असतो, ते बहुस्तरीय वेष्टन प्रवर्ग ३ मध्ये येते. कार्टनची रचना तशीच असते.

प्रवर्ग ३ साठी पुनर्प्रक्रियेची किमान पातळी दरवर्षी वाढत जाते. २०२४-२५ मध्ये ती ३० टक्के होती, २०२५-२६ मध्ये ४० टक्के, २०२६-२७ मध्ये ५० टक्के आणि २०२७-२८ पासून ६० टक्के. कंपन्यांना हे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर दाखवावे लागतात. त्यासाठी त्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योगांकडून प्रमाणपत्रे घेतात. घराघरांतून कार्टन गोळा करण्याचे प्रयत्न वाढत आहेत, त्यामागे हे वाढते लक्ष्य हे एक मोठे कारण आहे.

लहान पॅकला चिकटवलेल्या स्ट्रॉमध्येही याच नियमांमुळे बदल झाला आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक स्ट्रॉवर देशभर बंदी आली. त्यामुळे आता पॅकबरोबर कागदाची किंवा विघटनशील पदार्थाची स्ट्रॉ येते.

आकडा पूर्ण झाला, पण कार्टन उचलले का?

इथे एक बारकावा आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. प्रमाणपत्र प्रवर्गावर मिळते, वस्तूवर नाही. म्हणजे प्रवर्ग ३ मधले दुसरे कोणतेही बहुस्तरीय वेष्टन गोळा झाले तरी कंपनीचा आकडा भरू शकतो. तुमच्या गावातले कार्टन उचलले गेलेच, याची हमी त्या आकड्यातून मिळत नाही. माल जिथे एकवट मिळतो, म्हणजे मोठ्या शहरांत, तिथून उचलणे कंपनीला स्वस्त पडते. लांबचे गाव मागे राहते.

प्रमाणपत्रांतही गैरप्रकार झालेले आहेत. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखोंच्या संख्येने बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली. कागदावर पुनर्प्रक्रिया झाली, प्रत्यक्षात माल कारखान्यात गेलाच नाही. अशा वेळी तोटा पर्यावरणाचा तर होतोच, शिवाय तो माल वेचून, वेगळा करून विकू शकणाऱ्या माणसाचाही होतो. बनावट प्रमाणपत्राला कचरावेचक लागत नाही, खऱ्याला लागतो.

तुम्ही वेगळे ठेवलेले कार्टन कुठे जाते यावरही फरक पडतो. स्वच्छ, कोरडे कार्टन कागद कारखान्यात जाते. ओल्या कचऱ्यात मिसळून माखलेले कार्टन फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाते, नाही तर थेट कचरा डेपोवर. पहिल्या मार्गात वेचणाऱ्याला किलोमागे पैसे मिळतात. दुसऱ्यात बहुतेक वेळा काहीच मिळत नाही.

जिथे जमले, तिथे काय केले

मुंबईत 'कार्टन ले आओ, क्लासरूम बनाओ' या नावाने उपक्रम चालला. टेट्रा पॅक कंपनी आणि आरयूआर ग्रीनलाइफ यांनी सहकारी भांडार व रिलायन्स फ्रेशच्या दुकानांत कार्टन जमा करण्याचे डबे ठेवले. लोकांनी किराणा घ्यायला जाताना घरची रिकामी कार्टन नेऊन टाकायची. त्यांपासून बनवलेले बाक गरजू शाळांना दिले गेले. लोक जिथे नेहमी जातातच, तिथे जमा करण्याची जागा ठेवली, ही यातली मुख्य गोष्ट.

पुण्यात २००८ मध्ये महापालिकेने 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी करार केला. पूर्वी कचराकुंडीत उकरणाऱ्या महिला आता दारोदार जाऊन वेगळा केलेला कचरा घेतात. त्यांना घरटी शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातला विकण्याजोगा माल त्यांचाच असतो. म्हणून माल कोरडा मिळणे हा त्यांच्या रोजच्या कमाईचा प्रश्न असतो.

बंगळूरुमध्ये प्रभागानुसार सुका कचरा संकलन केंद्रे उभी राहिली. त्यांतली अनेक केंद्रे पूर्वीचे कचरावेचक चालवतात. केरळमध्ये हरित कर्म सेनेच्या महिला घरोघरी जाऊन स्वच्छ आणि कोरडा अविघटनशील कचरा गोळा करतात. तिथे खेड्यांतही हे काम चालते. त्यामुळे 'हे शहरातच होऊ शकते' असे म्हणता येत नाही.

या ठिकाणांत एक गोष्ट समान दिसते. लोकांना नुसते 'वेगळे करा' असे सांगून काम थांबले नाही. वेगळे केलेले कोण नेणार आणि कुठे द्यायचे, हे ठरवून दिले गेले.

गावात काय करता येईल

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधीची तरतूद आहे. कार्टनमध्ये प्लास्टिकचा थर असतो, तेव्हा ती या केंद्रापर्यंत गेली पाहिजेत. तुमच्या तालुक्यात असे केंद्र आहे का, चालू आहे का, तुमच्या गावाचा सुका कचरा तिथे जातो का, हे तीन प्रश्न तुम्ही ग्रामसभेत विचारू शकता.

तुमच्याकडे अंगणवाडी किंवा आश्रमशाळेत पॅकबंद दूध येत असेल, तर गोळा करायला हा सर्वांत सोपा माल आहे. एकाच आकाराची कार्टन, एकाच ठिकाणी, ठरलेल्या दिवशी. दूध घेऊन येणारी गाडी परत जाताना रिकामीच असते. रिकामी कार्टन त्याच गाडीने किंवा ग्रामपंचायतीच्या घंटागाडीने तालुक्याला पाठवायची, असा ठराव ग्रामसभेत मांडता येईल. अंगणवाडी सेविकांवर मात्र हे आणखी एक बिनपगारी काम म्हणून टाकू नये. कार्टन कुणी मोजायची, कुणी ठेवायची, कुणी न्यायची आणि त्याचा खर्च कुणी द्यायचा, हे ठरावातच लिहून घ्या.

घरी काय करायचे

१. पॅक पूर्ण रिकामे करा. थोडेसे पाणी घालून हलवा आणि ओता. पाणी टंचाई असेल तर भांडी धुताना उरलेले पाणी चालेल.
२. स्ट्रॉ काढा. प्लास्टिकचे झाकण असेल तर तेही काढून कठीण प्लास्टिकबरोबर ठेवा. ते भंगारात जाते.
३. कोपऱ्यांचे चार कान उलगडा आणि पॅक चपटे करा. एका पिशवीत चौपटीने जास्त कार्टन मावतील.
४. सुकू द्या. मग सुक्या कचऱ्यात, शक्य असेल तर वेगळ्या पिशवीत ठेवा.
५. सुक्या कचऱ्याच्या दिवशी घंटागाडीत किंवा कचरावेचक ताईंच्या हातात द्या.

कार्टन चुलीत घालू नका. कागद दिसतो म्हणून ते पेटवायला सोपे वाटते. पण त्यात प्लास्टिक आहे, त्याचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि जवळ बसलेल्या मुलाच्या छातीत जातो. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यास नियमांनी मनाई आहे.

दुधाची प्लास्टिक पिशवी, कुरकुऱ्यांचे चकचकीत पाकीट आणि कागदी कप हे कार्टन नाहीत. तेही सुक्या कचऱ्यातच जातात, पण कार्टनच्या पिशवीत मिसळू नका. कारखान्यात ते वेगळे काढावे लागतात आणि मालाचा भाव पडतो.

तुम्ही कचरावेचक असाल तर

केंद्र सरकारची 'नमस्ते' योजना जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला ती गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांसाठी होती. २०२४ मध्ये तिच्यात कचरावेचकांचा समावेश झाला आणि जून २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीसाठी मोबाइल ॲप आले. योजनेत कचरावेचकांसाठी या सोयी आहेत :

• व्यवसायाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र
• हातमोजे, बूट यांसारखे सुरक्षा साहित्य
• आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे संरक्षण. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचा लाभ मिळतो
• कौशल्य प्रशिक्षण

नोंदणी शहरी स्थानिक संस्थेमार्फत होते. तुमच्या महानगरपालिका किंवा नगरपालिकेच्या घनकचरा विभागात जाऊन 'नमस्ते योजनेत कचरावेचकांची नोंदणी कधी आणि कुठे आहे' असे विचारा. आधार कार्ड, बँक पासबुक आणि मोबाइल क्रमांक बरोबर ठेवा. तुमच्याकडे एखाद्या संघटनेचे किंवा संस्थेचे ओळखपत्र असेल तर तेही दाखवा. नोंदणीसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

वय १६ ते ५९ असेल आणि तुम्हाला पीएफ किंवा ईएसआयसी लागू नसेल, तर ई-श्रम पोर्टलवरही नोंदणी करा. आयकर भरणाऱ्यांना ही नोंदणी मिळत नाही. मदत क्रमांक १४४३४. आयुष्मान कार्डाबद्दल चौकशी १४५५५ या क्रमांकावर करता येते.

शहरात नवीन कंत्राटदार, नवीन गाडी किंवा नवीन संकलन केंद्र आले, तर आपले नाव यादीत आहे का हे आधी तपासा. २०१६ च्या नियमांनीच स्थानिक संस्थांवर कचरावेचकांना ओळख देण्याची आणि संकलनाच्या व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी टाकली होती. तोपर्यंत ज्या मालावर तुमचे घर चालले तो कंत्राटदाराच्या गाडीत जाऊ लागला आणि तुमची नोंद कुठेच नसली, तर हक्क मागणे अवघड होते. ओळखपत्र हा तुम्ही हे काम करत होता याचा पुरावा आहे.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्टन वेगळे ठेवले नाही तर रेशन किंवा अंगणवाडीचा लाभ बंद होतो का?
नाही. कचरा वर्गीकरणाचे नियम आणि पोषण किंवा अन्नसुरक्षा योजनांची पात्रता यांचा संबंध नाही. कुणी तशी भीती घातली तर गटविकास अधिकारी किंवा बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार करा.

कचरा उचलण्याचे पैसे द्यावे लागतात का?
स्थानिक संस्था आपल्या उपविधीनुसार वापर शुल्क घेऊ शकते. शुल्क किती, ते ठरावात लिहिलेले असते आणि त्याची पावती मिळाली पाहिजे. केवळ कार्टन घेण्यासाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही.

आमच्याकडे घंटागाडीच येत नाही. मग?
कार्टन चपटी करून, सुकवून पिशवीत साठवा. ती जागा कमी घेतात आणि वास येत नाही. पाच-दहा घरांनी मिळून एक गोणी भरली की ती ग्रामपंचायतीकडे किंवा तालुक्याच्या केंद्राकडे एकत्र देता येते.

एका घरातून महिन्याला जमतील पाव-अर्धा किलो कार्टन. तेवढ्यासाठी कुणी गाडी पाठवणार नाही. पण एका अंगणवाडीची, एका आश्रमशाळेची, एका वस्तीची कार्टन कोरडी आणि एकत्र असतील, तर त्यांची गासडी होते आणि तिला गिऱ्हाईक मिळते. म्हणून घरात वेगळे ठेवायला आजपासून सुरुवात करा आणि 'हे नेणार कोण' हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत किंवा प्रभाग सभेत विचारा. उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला विसरू नका.